स्वच्छ काप

माझ्या हाताचा काप न सांगता ओळखू येतो, असं आमच्या मेडिकल कॉलेजात म्हणत. मी तिथल्या पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ. चौतीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक मायक्रोटोमपुढे बसून गेली. जिवंत किंवा मेलेल्या माणसाच्या शरीराचा तुकडा मेणात बसवायचा आणि या यंत्रावर त्याचे केसाच्या विसाव्या हिश्शाइतके पातळ काप काढायचे. मग काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलायचा, रंगवायचा आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचा. माझ्या कापाला सुरकुती नाही, चीर नाही, भोक नाही. गुडघे गेले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, पण हात तसाच राहिला. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

हा हात मला तेव्हाच्या विभागप्रमुख केळुसकर मॅडमनी दिला. मी रुजू झालो त्या आठवड्यातच त्यांनी सांगितलं की तुकडा घेताना आधी चरबी काढून टाकत जा. चरबी द्रावणात विरघळते, मागे पोकळ भोकं राहतात आणि पातं तिच्यावरून गेलं की शेजारचा चांगला भागही फाटतो. म्हणून भाजी निवडावी तसा तुकडा निवडायचा. पिवळं ते बाजूला, लाल ते आत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, हाताहातानं चालत आलेलं होतं. मी ते चौतीस वर्षं पाळलं आणि माझ्या हाताखाली शिकलेल्यांनीही पाळलं.

आमचं घर जैनांचं. घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही आणि मुलगा दिवसभर माणसांची काळजं चिरतो, हे माझ्या आईला मरेपर्यंत पचलं नाही. मी आलो की आधी आंघोळ, मग चहा. जेवण मात्र सूर्य मावळायच्या आत, हा रिवाज आम्ही आजही पाळतो, आणि त्यामुळेच माझी मुलगी चंदना रोज संध्याकाळी मला न्यायला यायची. मैदानावर पळून झालं की साडेपाचला कॉलेजच्या फाटकाशी उभी. नाहीतर मी यंत्र पुसत बसायचो आणि घरच्यांचं जेवण चुकायचं. पण ती माझ्याबरोबर कधी चालली नाही. माझ्या गुडघ्याची चाल तिला सोसायचीच नाही. ती पुढे निघून जायची, पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर थांबायची, आणि मी पोहोचलो की म्हणायची, "या या, दिवाळीच्या आत पोचलात." मग पुन्हा पुढे.

तिला वनरक्षक व्हायचं होतं. डोंगरात, झाडीत, पायी. त्या भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागतं. चंदनाला ते अंतर म्हणजे गंमत वाटायची.

पट्टा आला तेव्हा मला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कागदोपत्री त्याचं नाव 'हृत्पट', पण छातीभोवती बांधायचा म्हणून सगळे पट्टाच म्हणत. भरतीच्या मैदानावर पळता पळता तरणीताठी पोरं कोसळायची. दर हंगामात एक-दोन. त्यांच्या हृदयाच्या आधी केलेल्या आलेखात काही सापडलेलं नसायचं, कारण बिघाड होता तो पेशींच्या पातळीवर. तिथे पोहोचायचं तर हृदयाचा तुकडा काढावा लागतो, आणि पळायला निघालेल्या निरोगी पोराच्या हृदयाचा तुकडा कोण काढू देणार? पट्ट्याने ती अडचण सोडवली. तो अतिसूक्ष्म ध्वनिलहरी हृदयाच्या भिंतीत सोडतो. स्नायू, चरबी आणि व्रणाचे तंतू त्या लहरी वेगवेगळ्या परतवतात. त्यावरून संगणक पडद्यावर चित्र रचतो, आणि ते चित्र हुबेहूब रंगवलेल्या काचपट्टीसारखं दिसतं. सुरी नाही, रक्त नाही, दहा मिनिटांत माणसाच्या जिवंत हृदयाचा काप.

हे रचायला संगणकाला शिकवावं लागलं. निरोगी हृदय आतून कसं दिसतं, हे त्याला दाखवायला कंपनीच्या माणसांनी बऱ्याच कॉलेजांची जुनी कपाटं पालथी घातली आणि शेवटी आमच्याकडच्या चारशे बारा काचपट्ट्या निवडल्या. अपघातात गेलेल्या तरुणांची हृदयं होती ती, आणि झाडून सगळे काप माझे. इतका स्वच्छ माल कुठेच मिळाला नाही, असं त्यांचा साहेब भाषणात म्हणाला. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्रिशलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ती शाल अजून पिशवीतून काढलेली नाही.

पट्टा मुख्यतः एका आजारासाठी होता. तो समजून घ्यायला अवघड नाही. हृदयाच्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असाव्यात तशा जोडलेल्या असतात. दर ठोक्याला ओढ बसते, बटणं ती सोसतात. काही घराण्यांत ही बटणं जन्मतःच कच्ची असतात. मग ओढ बसून बसून पेशी सुट्या होतात आणि मरतात. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, म्हणून सुरुवात तिथून. हृदयाच्या पेशी काही पुन्हा उगवत नाहीत, तेव्हा मेलेल्यांच्या जागी चरबी आणि व्रणाचे तंतू भरत जातात. ठोक्याची वीज ज्या वाटेने जायची ती वाट अशी अडली की ती भलतीकडे फिरते, आणि एखाद्या दिवशी पळताना हृदय नुसतं थरथरत राहतं. माणूस खाली. जितकं जास्त पळावं तितकी बटणं लवकर सुटतात, म्हणून हा आजार खेळाडूंना आधी गाठतो.

भरतीआधी पट्टा बांधणं सक्तीचं झालं. चंदनाने तो बांधला आणि दाखल्यावर लाल पट्टी आली. 'धावण्यास अपात्र.' तिच्याबरोबर पळणाऱ्या सानिया मुजावरलाही तीच. आमच्या जिल्ह्यात त्या हंगामात एकोणीसशे चाळीस जणांनी पट्टा बांधला आणि तीनशे अकरा जण अपात्र ठरले. एवढ्या पोरांना हा आजार कसा, असं एखाद्यानं विचारायला हवं होतं. पण कंपनी म्हणाली की आपल्याकडे तो आजवर दडून होता, वर्तमानपत्रांनी तेच छापलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या हंगामात मैदानावर कुणी मेलं नाही, हेही खरं.

चंदना चार दिवस खोलीतून फारशी बाहेर आली नाही. बूट धुऊन उन्हात ठेवले, वाळले, परत आत नेले. तिची रक्तातली जनुकंही तपासून झाली, त्यात काही निघालं नाही. पण निम्म्या रोग्यांत तसं काही निघतच नाही, तेव्हा त्याला अर्थ नव्हता. मग ती सानियाबरोबर बाहेर पडली आणि दोघींनी अपात्र ठरलेल्या पोरांना गोळा करून सरकारला अर्ज करायचं ठरवलं. मी गप्प होतो. थकलो होतो, दुसरं काय. आपल्या लेकीचं काळीज सैल झालंय असं यंत्र म्हणतं, आणि त्या यंत्राला मीच हातभार लावलेला.

त्रिशला मात्र ऐकूनच घेत नव्हती. ती एकच गोष्ट घोकत होती. हा आजार घराण्यात असतो म्हणता, मग आमच्या घराण्यात तो नाही, कारण आमच्या सुकुमारचं हृदय तपासलं होतं आणि ते चांगलं निघालं होतं. रिपोर्ट तुमच्याच कॉलेजचा.

सुकुमार तिचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी तो गेला. त्रिशला तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती, लग्नानंतर नऊ वर्षांनी. माहेरून दवाखान्यात यायला निघाली आणि तपासणीची फाइल घरी विसरली. एसटी स्टँडवर गाडीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिने फोन केला, सुकुमार भर दुपारी फाइल घेऊन पळत आला, गाडी सुटता सुटता खिडकीतून ती तिच्या हातात दिली, हसला, आणि तिथेच पडला. शवविच्छेदनात काही सापडलं नाही. हृदय आमच्या विभागात आलं. मेहुण्याचं आहे, दुसऱ्या कुणाच्या हाती नको, मी करतो, असं मीच म्हणालो. केळुसकर मॅडमनी काप पाहून लिहिलं, 'हृदय निरोगी'. लोक म्हणाले ऊन लागलं, जेवणावर पळाला.  त्रिशलेनं ती फाइल कपाटाच्या तळाशी ठेवली आणि चंदना जन्मली तरी काढली नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टर गवाणकरांनी मला बोलावलं. मानसी गवाणकर आमच्या विभागातल्या नव्या प्रमुख, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, मला काका म्हणतात. चंदना माझी मुलगी म्हणून त्यांनी तिचं पट्ट्याचं चित्र कंपनीकडून मागवून घेतलं होतं. पडद्यावर डावीकडे तिचं हृदय, उजवीकडे यंत्राचं निरोगी हृदय, ज्याच्याशी तुलना करून ते निकाल देतं. मॅडम दिलासा द्यावा म्हणून म्हणाल्या, "काका, हे उजवीकडचं तुमचंच बरं का."

मी पाहिलं. उजवा कप्पा, लालसर स्नायू, काठ सुरीनं आखल्यासारखा. चरबीचा एक थेंब नाही.

आता हे मला सांगायला हवं की चांगल्या माणसाच्या उजव्या कप्प्यालाही बाहेरच्या अंगाने थोडी चरबी असतेच, कुणाला कमी, कुणाला जास्त, आणि तिच्या जिभा स्नायूंत थोड्या शिरलेल्याही असतात. माझ्या सुरीने ती हजारदा खरवडली होती. कंपनीतल्या कुणी कधी अख्खं हृदय हातात घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे फक्त माझे काप होते. यंत्र माझ्याकडून हे शिकलं होतं की निरोगी हृदयात चरबी नसते. मग ज्या पोराच्या हृदयात ती जरा ठळक दिसेल ते आजारी.

मी मॅडमना सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. माझं विचाराल तर मला आनंद झाला. चूक माझी, तीनशे अकरा पोरांची वाट माझ्या सफाईने अडली, लाज आधी वाटायला हवी होती. पण आधी आनंद झाला. माझी चंदना चांगली होती. यंत्र खुळं होतं.

मग मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला. "काका, तुम्ही चरबी फक्त निरोगी हृदयाचीच काढत होता का? की सगळ्याच?"

सगळ्याच. आलेल्या प्रत्येक हृदयाची. मी तसं म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं. या आजारात चरबी हाच पुरावा. ज्या तुकड्यात तो असेल त्याच्यातून मी तो आजारच खरवडून कचऱ्यात टाकलेला असणार, आणि वर स्वच्छ काप म्हणून शाबासकी घेतलेली असणार.

आमच्या विभागाच्या संग्रहालयात खिडकीजवळच्या फळीवर एक बरणी आहे. वर चिठ्ठी, 'निरोगी हृदय, पुरुष, वय २४'. दरवर्षी दीडशे पोरं ती बघून निरोगी हृदय शिकतात. ते सुकुमारचं आहे. केळुसकर मॅडमना शिकवायला तरुण हृदय हवं होतं, त्या काळी घरच्यांना विचारायची पद्धत नव्हती, आणि मी तोंड उघडलं नाही. त्रिशलेला हे ठाऊक नव्हतं. मी मात्र रोज जाता-येता त्या फळीकडे एकदा बघायचो. का, ते विचारू नका.

मॅडमच्या परवानगीनं दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरणी उघडली. उजव्या कप्प्याच्या भिंतीत बावीस वर्षांपूर्वीचा माझा छोटासा चौकोन अजून दिसत होता. त्याच्या शेजारचा तुकडा घेतला. पिवळ्याला हात लावला नाही. सवयीनं सुरी तिकडे दोनदा वळली, दोनदा मागे घेतली. मेणात बसवून काप काढले तेव्हा ते फाटले, गोळा झाले. इतकं घाणेरडं काम मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं. सातवा काप कसाबसा पट्टीवर बसला. स्नायू लाल आणि व्रण निळा दिसेल असा रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

लाल फार थोडं होतं. बारीक, तुटकी, एकेकटी बेटं. त्यांच्याभोवती निळ्या तंतूंचं जाळं, आणि बाकी सगळी पांढरी पोकळी, जिथे चरबी होती. मी डॉक्टर नाही, पण एवढं मला कळतं. साध्या चरबीशेजारी स्नायू धडधाकट असतात, निळं काही नसतं. इथे स्नायू मरून गेलेला होता. गवाणकर मॅडमनी पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्यांनी चंदनाचं चित्र पुन्हा उघडलं. आता काय शोधायचं ते आम्हाला माहीत होतं. तिची बहुतेक चरबी साधीच होती, कुणालाही असते तशी. पण उजव्या कप्प्याच्या तळाच्या कोपऱ्यात, जिथे हा आजार पहिल्यांदा घर करतो, तिथे चार-पाच निळ्या रेघा होत्या आणि त्यांच्यात अडकलेली दोन लाल बेटं. मी ती मोजली, पुन्हा मोजली. यंत्राने तिला चुकीच्या कारणासाठी अपात्र ठरवलं होतं, आणि निकाल बरोबर होता.

पुढचे चार दिवस मी काय विचार करत होतो ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. मॅडमनी मला थोडा वेळ दिला होता. चुकीची कबुली देणारा जबाब तंत्रज्ञाच्या सहीनं सरकारकडे जायला हवा होता, आणि मी सही करायला तयार नव्हतो. सही केली नाही तर काय होत होतं? चंदना पळणार नाही. तीनशे अकरांतली एक म्हणून ती यंत्राला शिव्या देईल, सरकारला देईल, पण जिवंत राहील, आणि आपल्या छातीत काय आहे ते तिला कधी कळणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला. त्रिशलेला बरणीबद्दल कळणार नाही. माझी शाल पिशवीत राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात ना. फक्त तीनशे पोरांची नोकरी जात होती, आणि त्यातली एक सानिया होती, जी रोज आमच्या ओट्यावर बसून चंदनाबरोबर अर्जाची पानं लिहीत होती.

या वयात माणसाला झोप कमी लागते म्हणतात. मला ते चार दिवस दुपारीही डोळे मिटता आले नाहीत.

रविवारी जेवणं झाल्यावर मी दोघींना बसवलं आणि सगळं सांगितलं. चरबी, काप, यंत्र. मग सुकुमारचा रिपोर्ट चुकीचा होता, आणि तो मी चुकवला होता. त्याला हा आजार होता. ती फाइल घेऊन पळाला नसता, तरी कधीतरी कुठेतरी असाच गेला असता.

त्रिशला भिंतीला टेकून बसली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं नाही?"

नाही, मी म्हणालो.

"बावीस वर्षं मी त्या फाइलीकडं बघितलं नाही. डॉक्टरनी दिलेली चंदनाची तारीख बघायला सुद्धा."

मी मग बरणीचंही सांगितलं. एकदा सांगायला बसलं की अर्धं ठेवून कसं चालेल.  ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही रोज त्याला बघत होता. मी त्याचा फोटो सुद्धा भिंतीवर लावू दिला नाही, आणि तुम्ही रोज त्याला बघत होता." एवढं बोलून ती आत गेली आणि आतून कडी लावून घेतली.

 चंदनाने विचारलं, "आणि माझं, पप्पा?"

तिच्यापुढे मी कधी खोटं बोललो नव्हतो, फक्त पुष्कळ गोष्टी बोललो नव्हतो. मी सांगितलं. निळ्या रेघा, दोन बेटं. आता सुरुवात आहे. पळणं सोडलं, गोळ्या घेतल्या, तर म्हातारी होशील. पळालीस तर कुणी सांगू शकत नाही.

 ती उठली. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"बुधवारी."

"आणि आज रविवार. सानिया रोज हितं बसून रडतीया, तिचं काळीज चांगलंच असणार हे तुम्हाला बुधवारपासून ठाऊक आहे, आणि तुम्ही तिला चहा देत होता."

 माझी लेक मेहुण्यासारखी दिसते, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

सोमवारी मी सही केली. जबाबात मी जे लिहिलं ते सगळं खरं लिहिलं, केळुसकर मॅडमचं नाव मात्र घातलं नाही. त्या वारल्या होत्या, आणि सुरी माझ्या हातात होती. कंपनीने आधी आमच्यावर डोळे वटारले, मग पट्टा परत मागवला. दोन डॉक्टरांनी तीनशे अकरा चित्रं डोळ्यांनी, एकेक करून, पुन्हा पाहिली. महिना लागला. तीनशे आठ जण सुटले. तिघं राहिले. एक कुस्तीगीर, एक पोस्टातली मुलगी आणि चंदना.

यंत्राला पुन्हा शिकवायला नव्या काचपट्ट्या लागणार होत्या, चरबीसकट. त्या कराव्यात म्हणून गवाणकर मॅडमनी मलाच सांगितलं, आणि माझी निवृत्ती सहा महिने पुढे गेली. भोकाभोकांचे, फाटके काप. मी ते करतो. शिकाऊ मुलं बघतात, त्यांना वाटतं म्हाताऱ्याचा हात गेला.

त्रिशला एके दिवशी कॉलेजात आली, न सांगता. मी तिला संग्रहालयात नेलं. बरणी घरी मागून घेता येईल, तसा नियम आता आहे, असं मी तिला सांगितलं. ती काचेला हात न लावता पुष्कळ वेळ उभी राहिली. मग म्हणाली, राहू दे इथंच, पोरांना शिकू दे, पण ती चिठ्ठी बदला. मी तिच्यासमोर बसून नवी चिठ्ठी लिहिली. आजाराचं नाव लिहिलं. ती म्हणाली, त्याचं नाव पण लिहा. तसं लिहायची पद्धत नाही. मी लिहिलं.

घरी आता सुकुमारचा फोटो आहे. त्रिशला माझ्याशी बोलते, कामापुरतं.

चंदना दोन महिने माझ्याशी बोलली नाही. सानिया पळून पास झाली, वनखात्यात रुजू झाली, पेढे घेऊन आली. तिची वेळ मोजायला मैदानावर चंदनाच उभी राहिली होती म्हणे, मला ते दुसऱ्याकडून कळलं. ती गोळ्या घेते. बूट तिने सानियाला दिले.

परवा साडेपाचला मी फाटकाबाहेर आलो तर ती उभी होती.  आम्ही निघालो. मी वाट बघत होतो की आता पुढे जाईल. चालायला तिला कुणी मनाई केलेली नाही, भरभर चालली तरी चालतं. ती पुढे गेली नाही. माझ्या गुडघ्याच्या चालीने, माझ्या शेजारून चालत राहिली. गिरणीचा कोपरा आला, आम्ही दोघं एकदमच पोहोचलो. थांबायला कुणी नव्हतं.

सूर्य खाली आला होता. मी म्हणालो, "तू हो पुढं, चंदना. मावळायच्या आत पोचशील. माझ्यापायी तुझं जेवण चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली.

ती पुढे पळायची तेव्हा मला तिची नुसती पाठ दिसायची, आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, पोरी, जरा हळू. आता ती हळू चालत होती आणि ते मला बघवत नव्हतं. मी गुडघ्याला शिव्या देत पाय उचलायचा प्रयत्न केला. तिने माझा दंड धरला आणि मला पुन्हा सावकाश केलं. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. त्रिशलेनं ताटं झाकून ठेवली होती. त्या दिवशी आम्ही तिघंही उपाशी झोपलो.